गृहचर्या : विस्तव पेटविण्यापूर्वीं

आश्विन सरत आला कीं घरोघर थंडीची तयारी सुरू होते. गाद्या-रजया उन्हांत पडतात, लोकरीचे कपडे पेटींतून बाहेर निघतात, उटण्याचीं द्रव्यें आणलीं जातात. या सर्व तयारींत एका गोष्टीकडे मात्र सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं, आणि ती म्हणजे विस्तव. काडी ओढली कीं तो पेटतो. त्यासाठीं निराळी तयारी ती कसली, असें आपणांस वाटतें. परंतु आठ महिने अडगळींत पडलेला बंब, बाळंतिणीच्या खोलीसाठीं माळ्यावरून काढलेली शेगडी, आणि परदेशीं मुलाच्या किंवा मुलीच्या बिऱ्हाडीं दिवाणखान्याच्या भिंतींत बांधलेली, फायरप्लेस या नांवाची आगटी, या तिन्ही वस्तूंस एकच नियम लागू आहे. पेटविण्यापूर्वीं जें पाहिलें नाहीं, तें पेटल्यानंतर पाहण्यास वेळ मिळेलच असा भरंवसा नसतो. या महिन्यांत त्या नियमाचा विचार करावयाचा आहे.

विस्तवास दोन वाटा लागतात. हवा आंत येण्याची एक, आणि जळून झालेले वायु बाहेर जाण्याची दुसरी. या दोन्ही मोकळ्या असल्या म्हणजे जळण चांगलें जळतें आणि त्यांतून निघणारे वायु घराबाहेर जातात. यांपैकीं एक जरी तुंबली, तरी ज्वलन अपुरें राहून कार्बन मोनॉक्साइड नांवाचा विषारी वायु अधिक होऊं लागतो व तो घरांतच कोंडून राहतो. या वायूस रंग नाहीं, वास नाहीं. तो डोळ्यांस झोंबत नाहीं कीं घशांत खवखवत नाहीं. आपल्या रक्तांतील हिमोग्लोबिन हें द्रव्य फुप्फुसांतून प्राणवायु उचलून सर्व शरीरभर पोंचवितें. परंतु या विषारी वायूविषयीं त्यास प्राणवायूच्या २०० पटींहून अधिक ओढ असते. त्यामुळें हवेंत तो थोडा असला तरी हळूहळू रक्तांतील जागा अडवून बसतो, आणि मनुष्य व्यवस्थित श्वास घेत असतांही आंतून गुदमरत जातो.

फ्रान्समधील शरीरशास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनीं १८५० नंतरच्या दशकांत या विषाची ही तऱ्हा उकलून दाखविली. पुढें ब्रिटनमध्यें जॉन स्कॉट हॉल्डेन यांनीं तो वायु स्वतः हुंगून त्याचे परिणाम टिपून ठेविले, व खाणींत उतरतांना लहान प्राणी किंवा पक्षी बरोबर न्यावा असें सुचविलें. लहान जीवाचा श्वास जलद चालतो, म्हणून विषही त्याच्या अंगांत आधीं भिनतें. ब्रिटिश खाणींतून कॅनरी पक्ष्यांचे पिंजरे १९८६ सालापर्यंत होते. हाच न्याय तान्ह्या मुलासही लागू आहे, ही गोष्ट पुढील मजकूर वाचतांना ध्यानांत ठेवावी.

आपल्याकडे एक समज फार दृढ आहे. शेगडी बाहेर पेटवावी, धूर निघून जाऊं द्यावा, निखारे लाल फुलले म्हणजे ती खुशाल आंत आणावी, असें आपण पिढ्यान् पिढ्या करीत आलों आहों. या समजांत अर्धेंच सत्य आहे. धूर निघून जातो हें खरें. पण फुललेल्या कोळशांतून कार्बन मोनॉक्साइड निघतच राहतो, आणि शेवटचा निखारा विझेपर्यंत तो थांबत नाहीं. धूर निदान डोळ्यांस झोंबून आपणांस खोलीबाहेर काढतो. निर्धूम निखाऱ्याजवळ मात्र आपण ऊब घेत निश्चिंतपणें बसतों. त्या उबेनेंच डोळे जड झाले असें वाटतें, आणि तें जडपण उबेचें कीं विषाचें हें ओळखतां येत नाहीं.

धुराडें असलें म्हणजे ही भीति नाहीं काय? या प्रश्नाचें उत्तर एका प्रसिद्ध पुरुषाच्या मरणांत आहे. फ्रेंच कादंबरीकार एमील झोला १९०२ च्या सप्टेंबरांत उन्हाळ्याचा मुक्काम आटोपून पॅरिसमधील आपल्या घरीं परतले. निजण्याच्या खोलींत आगटी पेटविली होती आणि खिडक्या लावलेल्या होत्या. रात्रीं पतिपत्नी दोघांसही अस्वस्थ वाटूं लागलें. परंतु तेवढ्यासाठीं नोकरांस कशाला उठवावयाचें, म्हणून कोणास हांक मारली नाहीं. २९ सप्टेंबर रोजीं सकाळीं दार उघडलें तेव्हां झोला मरण पावले होते व त्यांची पत्नी बेशुद्ध होती. ती पुढें वांचली. धुराडें तुंबलेलें होतें. तें आपोआप तुंबलें कीं कोणीं जाणूनबुजून बंद केलें, याविषयीं पुष्कळ वर्षे वाद चालला. आपणांस त्यांतून घ्यावयाचा बोध निराळा आहे: धुराडें आहे एवढ्यानें भागत नाहीं, तें वाहतें आहे किंवा नाहीं हें पाहावें लागतें.

आतां एकेक वस्तु घेऊं. प्रथम बंब. शहरांतील बहुतेक बिऱ्हाडांतून त्यानें आतां रजा घेतली आहे; परंतु गांवाकडच्या घरांतून तो अजून आहे, आणि दिवाळीच्या अभ्यंगस्नानास सर्व मंडळी जमली म्हणजे तोच उपयोगी पडतो. वापरापूर्वीं त्याच्या पोटांतून वर गेलेला नळा उजेडाकडे धरून आरपार पाहावा. गतवर्षीची काजळी, कोळ्याचीं जाळीं, कुंभारणीनें केलेलें मातीचें घर, यांपैकीं कांहींना कांहीं त्यांत सांपडतेंच. लांब काठीस काथ्या बांधून तो साफ करावा. हें काम करतांना तोंडावर फडकें बांधावें व नंतर अंग धुवावें. काजळी ही निरुपद्रवी वस्तु नव्हे. धुराडीं झाडणाऱ्या लोकांस होणाऱ्या एका कर्करोगाचा संबंध लंडनचे शस्त्रवैद्य पर्सिव्हल पॉट यांनीं १७७५ सालींच काजळीशीं जोडून दाखविला होता. मग खालची जाळी काढून जुनी राख झाडावी, कारण हवा येण्याची वाट तेथूनच आहे. बंबांत पाणी भरून तोटी व सांधे गळत नाहींत ना हें पाहावें. रिकामा बंब पेटवूं नये; त्याचा डाख सुटतो. सर्व ठीक दिसल्यावर मूठभर वाळलें गवत पेटवून पाहावें. धूर नळ्याच्या तोंडांतून सरळ वर गेला तर वाट मोकळी आहे. खालून उलट येऊं लागला तर पुन्हां साफ करावें.

बंबाची जागा अंगणांत किंवा उघड्या पडवींत असावी, न्हाणीघराच्या आंत नसावी. धुमसणाऱ्या जळणावर रॉकेल ओतण्याची संवय कांहीं घरांत असते, ती निक्षून बंद करावी. तापलेल्या जळणावर रॉकेलाची वाफ होऊन भडका ओतणाऱ्याच्या हाताकडे धांवतो. पहाटेच्या अंधारांत बंबापाशीं जाणाऱ्या व्यक्तीनें कृत्रिम धाग्याचें लुगडें किंवा सैल ओढणी अंगावर ठेवूं नये, पदर खोचलेला असावा. घंगाळांत आधीं थंड पाणी व मग कढत पाणी घालावें, म्हणजे मध्येंच एखादें मूल हात घालील तरी पोळणार नाहीं.

शहरांत बंबाची जागा कित्येक ठिकाणीं गॅसच्या गीझरनें घेतली आहे. त्यांत राख नाहीं, काजळी दिसत नाहीं. म्हणून तो निर्धोक आहे असा समज होतो. परंतु त्याच्याही पोटांत ज्योतच जळते, आणि तिलाही त्या दोन वाटा लागतात. लहानशा मोरींत दार-खिडकी लावून गीझर चालू ठेवला, तर तेथील प्राणवायु थोड्या वेळांत कमी होतो व स्नान करणाऱ्यास भोंवळ येते. अशा मरणांच्या बातम्या थंडींत वर्तमानपत्रांतून वारंवार येतात. गीझर मोरीबाहेर मोकळ्या हवेंत बसवावा, किंवा त्याचे वायु नळीनें थेट बाहेर नेण्याची योजना असावी, आणि वर्षांतून एकदां जाणत्या कारागिराकडून तो तपासून घ्यावा. हें होईपर्यंत बादली भरून घ्यावी, गीझर बंद करावा, थोडा वेळ दार उघडें ठेवावें, व मगच स्नानास जावें.

आतां जो विषय घरांत काढणें सर्वांत अवघड, त्याकडे वळूं. तो म्हणजे बाळंतिणीची शेक-शेगडी. बाजेखालीं निखाऱ्यांची शेगडी, तिच्यावर ओवा, बाळंतशोपा व लसणीच्या सालांची धुरी, आणि वारा लागूं नये म्हणून दारें-खिडक्या बंद, ही रीत पुष्कळ घरांतून आजही चालू आहे. सूनबाईनें किंवा मुलीनें शंका काढली कीं उत्तर ठरलेलें असतें: आमचीं सारीं बाळंतपणें अशींच झालीं, आम्हांला काय झालें? हें उत्तर हेकेखोरपणाचें नाहीं. सासूबाई व आजी खरें तेंच सांगत असतात. परंतु त्यांचें बाळंतपण ज्या घरांत झालें तें घर आतां राहिलेलें नाहीं, एवढी एक गोष्ट त्यांच्या ध्यानांत आणून दिली पाहिजे.

कौलारू घरांत कौलांच्या प्रत्येक सांदींतून वायु बाहेर जात असे. धाब्याच्या घरास छतांत साणें ठेवलेलें असे. दाराच्या फळ्यांत बोट शिरेल अशा फटी असत, आणि बाळंतिणीची खोली लावून घेतली तरी ती खऱ्या अर्थानें बंद होत नसे. शेगडीस लागणाऱ्या दोन्ही वाटा त्या घरांतच होत्या. कोणी मुद्दाम ठेविल्या नव्हत्या, म्हणून त्यांची आठवणही कोणास राहिली नाहीं. जुन्या घरांतील धूर अपायकारक नव्हता असें मात्र म्हणतां येणार नाहीं. चुलीपुढें जन्म काढलेल्या किती स्त्रियांचे डोळे व छाती त्यानें अधू केली हें आपण पाहिलेलें आहे. तरीपण त्या घरांत हा वायु सांचून राहण्यास अडथळा होता. आतांच्या खोलीस वर सिमेंटचा स्लॅब, बाजूस प्लास्टर केलेल्या भिंती, आणि घट्ट सरकणाऱ्या कांचेच्या खिडक्या. चाल तीच राहिली आणि घर बदललें. त्याच शेगडीचें या खोलींत विष होतें, व तें सर्वांआधीं जलद श्वास घेणाऱ्या तान्ह्या मुलास बाधतें.

खिडकी थोडी उघडी ठेविली तर चालेल काय, असें कोणी विचारील. उघडी खिडकी ही खात्रीची वाट नव्हे. वारा पडला, पडदा ओढला, किंवा रात्रीं कोणीं थंडीसाठीं ती लावून घेतली, कीं ती वाट बंद झाली. म्हणून नियम असा करावा: शेक आंत, शेगडी बाहेर. शेगडी अंगणांत किंवा उघड्या गच्चीवर पेटवावी, तेथें सुती फडकीं गरम करावीं, आणि तीं आंत आणून बाळंतिणीची कंबर शेकावी. आपल्या गालास लावून पाहिल्यावांचून फडकें तिच्या अंगास लावूं नये. या रीतीनें आजींच्या हातचा शेकही राहतो व खोलीची हवाही शुद्ध राहते. धुरी मात्र बाळास मुळींच देऊं नये. कोणताही धूर त्याच्या कोंवळ्या श्वासनलिकांस अपायकारकच आहे.

बाळाच्या उबेसाठीं तर सर्वांत उत्तम साधन घरांतच असतें. १९७८ सालीं दक्षिण अमेरिकेंत कोलंबियाची राजधानी बोगोटा येथें रुग्णालयांत ऊबपेट्या कमी पडूं लागल्या, तेव्हां डॉक्टर एडगर रे सानाब्रिया यांनीं अपुऱ्या दिवसांचीं बाळें आयांच्या उघड्या छातीशीं धरून ठेवण्याची रीत सुरू केली. आज जगभर ती मान्य झाली आहे. आईच्या त्वचेला त्वचा, वरून पांघरूण, डोक्यास टोपरें, एवढ्यानें बाळाचें अंग ऊबदार राहतें. खोली गरम करावयाचीच असेल तर विजेचें तापयंत्र पांघरुणापासून दूर ठेवून वापरावें.

हें घरांत कोणीं बोलावें? आमच्या मतें सूनबाईवर तें ओझें टाकूं नये. ओली बाळंतीण वाद घालण्याच्या स्थितींत नसते, आणि तिनें शब्द काढला तर तो चालीविरुद्ध बंड समजला जाण्याचा संभव असतो. घरांतील कर्त्या पुरुषानें, किंवा त्याहून उत्तम म्हणजे आजींनींच, बाळंतिणीची खोली सारवून-पुसून तयार करतांना शेगडी बाहेर मांडावी. घरची चाल ज्यांच्या हातीं आहे त्यांनींच ती सुधारली, म्हणजे मग कोणाचा मानभंग होत नाहीं.

राहिली परदेशची आगटी. आपल्यांतील पुष्कळ आईबाप आतां मुलांकडे इंग्लंड-अमेरिकेस थंडीचे महिने काढावयास जातात. तेथील दिवाणखान्यांत भिंतींत बांधलेली ती शोभिवंत जागा पाहून नातवंडें ती पेटविण्याचा हट्ट घेतात. आपल्याकडेही थंड हवेच्या ठिकाणच्या कांहीं जुन्या बंगल्यांतून ती आढळते. येथें धूर बाहेर नेणारें धुराडें असल्यामुळें विस्तव घरांत ठेवतां येतो. पण तो कोणत्या अटीवर, हें झोलांच्या गोष्टींत आपण पाहिलेंच आहे.

पहिली अट अशी कीं धुराडें वर्षांतून एकदां जाणत्याकडून तपासून व झाडून घ्यावें. अमेरिकेंतील राष्ट्रीय अग्निसंरक्षण संस्थेच्या नियमावलींत हेंच सांगितलें आहे. पक्ष्यांचीं घरटीं, निखळलेल्या विटा, आणि लांकडाच्या धुरांतून निघून आंतल्या बाजूस चिकटलेला डांबरासारखा काळा थर, हीं तीन संकटें तेथें लपलेलीं असतात. हा थर ज्वालाग्राही असतो. तो पेटला म्हणजे आगटींतील आग धुराड्यांत शिरते. ओलें लांकूड जाळल्यानें तो लवकर वाढतो, कारण आंच पाणी उडविण्यांतच खर्च होऊन धूर थंड व दाट राहतो. लांकडांत पाण्याचा अंश शेंकडा २० च्या आंत असावा. अशीं लांकडें वजनास हलकीं असतात, त्यांच्या टोंकांस भेगा दिसतात, व एकमेकांवर आपटलीं असतां खणखणीत आवाज येतो. इंग्लंडांत तर १ मे २०२१ पासून ओल्या लांकडाची लहान प्रमाणांतील विक्री कायद्यानें बंद झाली आहे.

दुसरी अट झडपेची. धुराड्याच्या गळ्याशीं बहुधा एक लोखंडी झडप असते. ती पेटविण्यापूर्वीं पूर्ण उघडावी आणि शेवटचा निखारा थंड होईपर्यंत लावूं नये. रात्रीं ज्वाळा मावळल्या म्हणजे खोलींतील ऊब जाऊं नये म्हणून झडप लावण्याचा मोह होतो. परंतु निर्धूम निखाऱ्याविषयीं जें वर सांगितलें तें येथेंही तंतोतंत लागू आहे. धुराडें थंड असलें तर प्रथम धूर खोलींत उलटतो. म्हणून कागदाची पेटती सुरळी गळ्याशीं क्षणभर धरून आंतली हवा तापवावी, व धूर वर ओढला जाऊं लागल्यावर लांकडें पेटवावीं. पुढें जाळी उभी करावी आणि ३ फुटांच्या आंत गालिचा, वर्तमानपत्रें किंवा मुलांचीं खेळणीं ठेवूं नयेत.

तिसरी अट राखेची. आपल्या आज्या रात्रीं विस्तव राखेखालीं पुरून ठेवीत व पहाटे त्यावरच चूल पेटवीत, हें ज्यांना आठवतें त्यांना अधिक सांगणें नको. राखेंतील निखारा तीन-चार दिवसही जिवंत राहूं शकतो. ती कागदी पिशवींत किंवा कचऱ्याच्या डब्यांत न टाकतां झांकणाच्या धातूच्या बादलींत भरून घराबाहेर, भिंतीपासून दूर ठेवावी. याशिवाय कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारें घंटेचें यंत्र निजण्याच्या खोलीजवळ लावावें. धुराची सूचना देणारें साधें यंत्र या वायूस ओळखत नाहीं, म्हणून दोन्ही असावींत. हें यंत्र आपल्याकडेही मिळतें.

इतकें करूनही कधीं प्रसंग आलाच तर तो ओळखावा कसा? डोकें दुखणें, भोंवळ, मळमळ, पायांतील बळ जाणें, विचारांत गोंधळ, अनावर झोंप, हीं त्याचीं लक्षणें आहेत. एकाच खोलींतील दोघांतिघांस एकदम तीं दिसलीं आणि बाहेर येतांच बरें वाटलें, तर दुसरें कारण शोधीत बसूं नये. दारें-खिडक्या उघडाव्या, सर्वांस मोकळ्या हवेंत आणावें, व १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. विस्तव शेगडींतला होता हें डॉक्टरांस आवर्जून सांगावें. साध्या हवेंत हें विष रक्तांतून निम्में कमी होण्यास चार-पांच तास लागतात. शुद्ध प्राणवायु दिल्यास तेंच काम सुमारें दीड तासांत होतें. २०२० च्या साथीपासून पुष्कळ घरांत बोटास लावावयाचें ऑक्सिमीटर आलें आहे. त्यावर मात्र येथें विसंबूं नये. या विषानें भरलेलें रक्त त्यास प्राणवायूनें भरलेल्या रक्तासारखेंच दिसतें, आणि मनुष्य गुदमरत असतांही आंकडा चांगलाच येतो.

दिवाळीपूर्वींचा एक रविवार या कामास द्यावा. नळा, जाळी, झडप, मोरीचा झरोका, बाळंतिणीची खोली, हीं सर्व घरांतील एका वडील व एका तरुण व्यक्तीनें मिळून पाहावीं. वडिलांस घराची जुनी रीत ठाऊक असते, तरुणांस नवें शास्त्र. दोघांनीं मिळून पाहिलें म्हणजे कांहीं सुटत नाहीं. पुढील महिन्यांत भाजण्या-पोळण्यावरील घरगुती उपायांपैकीं कोणते ठेवावे व कोणते टाकावे याचा विचार करूं. तोंपर्यंत एवढें एकच लक्षांत असूं द्यावें, कीं पोळलेल्या जागेवर शाई, हळद किंवा दंतमंजन न लावतां ती २० मिनिटें वाहत्या थंड पाण्याखालीं धरावी.